बारा तास गोळी न घेता

माझ्या कामाचं नाव सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा उभी राहते. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आणि हालचालींच्या विकारांवरच्या उपचारांचं संशोधन करते. पण माझा बराचसा वेळ जातो तो माणसं चालताना बघण्यात. पेशंट दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत निम्मी तपासणी उरकलेली असते. एक हात चालीबरोबर झुलतोय आणि दुसरा अंगालगत तसाच राहिलाय का? वळताना माणूस सहज वळतो की चार-पाच बारीक पावलं टाकत? बसताना अंग सावरतो की धपकन टाकून देतो? पापण्या किती वेळाने लवतात? एमआरआय त्यानंतर येतो, आणि पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो.

हे बघणं शिकायला वर्षं लागतात. मी रेसिडेंट असताना आमचे सर एखाद्या पेशंटचा व्हिडिओ आवाज बंद करून लावायचे आणि म्हणायचे, "निदान सांगू नका. दिसतंय काय ते सांगा." आमच्यातलं कुणीतरी घाईने 'ट्रेमर', म्हणजे कंप, असं म्हणायचं. मग प्रश्न सुरू व्हायचे. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो की कप उचलताना? लय एकसारखी आहे की तुटक? मनगट फिरवून धरलं की थांबतो का? मांडीवर टेकलेला हात थरथरत असेल तर पार्किन्सनची शक्यता जास्त. काही धरताना, लिहिताना थरथरत असेल तर बहुधा एसेन्शियल ट्रेमर. लय तुटक असेल आणि हात एका ठरावीक कोनात ठेवल्यावर कंप विरत असेल तर डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आखडून अंग वाकडं होण्याच्या विकाराचा, विचार करायचा. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून पाहण्यातली चूक थेट पेशंटच्या गोळीपर्यंत पोचते.

या शाखेची सुरुवातही अशा बघण्यातूनच झाली. लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवातावर एक निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचं वर्णन आहे आणि त्यातली काही त्यांना फक्त रस्त्यात दिसली होती. पुढे झुकलेली चाल, निवांत हाताचा कंप, चालता चालता पळायला लागणारी पावलं हे सगळं त्यांनी नोंदवून ठेवलं. मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना तो निबंध वाचायला देते. दोनशे वर्षांनंतरही त्यातलं पुष्कळसं वर्णन आमच्या ओपीडीत जसंच्या तसं चालत येतं. नंतर पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. कंप नसतानाही हा आजार असू शकतो, हेही त्यांनीच ठामपणे सांगितलं. तरीही "हात तर थरथरत नाही, मग पार्किन्सन कसा?" हा प्रश्न मला आजही दर आठवड्याला ऐकू येतो.

या शाखेकडे मी वळले ती पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधामुळे. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. सर्पगंधेच्या मुळातून मिळणारं हे औषध त्या काळी रक्तदाबासाठी वापरायचे. ससे लुळे होऊन पडून राहिले. मग त्यांना डोपा टोचल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपापासून बनणारं डोपामिन नावाचं रसायन आहे आणि त्याचा हालचालींशी संबंध आहे, ही गोष्ट तेव्हा अनेक नामवंतांना पटत नव्हती. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्नीकीविच यांनी मरण पावलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि नेमक्या जागी डोपामिन कमी झाल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि वाल्थर बर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून डोपाचंच एक रूप असलेलं लेव्होडोपा दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती उठून चालली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत डोपा देऊन ते काही तास लांबवून दाखवले, आणि १९७० मध्ये अमेरिकेत लेव्होडोपाला मान्यता मिळाली. ससे ते गोळी हा सगळा प्रवास तेरा वर्षांचा. वैद्यकशास्त्रात इतकं सरळ आणि इतक्या लवकर फारच थोडं घडतं. या गोष्टीने आमच्या शाखेतल्या कित्येक पिढ्यांना वेड लावलं आणि तिच्याच जोरावर आम्ही पुढच्या आशा बांधल्या.

मी हे डोळ्यांनी पाहिलं ते एका लहान मुलीत. सकाळी ती चालायची. दुपारनंतर पाय आत वळायचा आणि संध्याकाळी तिला उचलून न्यावं लागायचं. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली असावी, असं तिच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. पण जन्माच्या वेळच्या इजेला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. जपानच्या मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात वर्णन केलेला डिस्टोनिया असा दिवसाच्या घड्याळाप्रमाणे बदलतो, आणि लेव्होडोपाची अगदी छोटी मात्रा त्यावर लागू पडते. पुढच्या भेटीला ती मुलगी कॉरिडॉरमध्ये पळत होती आणि तिची आई भिंतीला टेकून नुसती उभी होती. लहान वयातल्या, कारण न सापडलेल्या डिस्टोनियात लेव्होडोपा देऊन बघितल्याशिवाय फाइल बंद करायची नाही, हे मी प्रत्येक रेसिडेंटला सांगते. हा आजार दुर्मीळ आहे, हे मला माहीत आहे. तरीही सांगते.

पार्किन्सनमध्ये मात्र लेव्होडोपाची गोष्ट तिथे संपत नाही. काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर उतरायला लागतो. कधी अंमल चढलेला असताना शरीर नको तितकं, नको तसं हलतं. त्याला आम्ही डिस्कायनेशिया म्हणतो. पेशंट स्वतःच 'ऑन' आणि 'ऑफ' हे शब्द वापरायला शिकतात आणि त्यांचा दिवस त्या दोन शब्दांत वाटला जातो. गोळी डोपामिनची उणीव भरून काढते, पण पेशींचं मरणं थांबवत नाही. ते थांबवणारं, निदान मंदावणारं औषध शोधायचं, या एका ध्येयाभोवती माझ्यासारख्या अनेकांचं आयुष्य गेलं आहे.

त्यासाठी आजार मोजावा लागतो, आणि तो माणसांवरच मोजावा लागतो. ट्रायलमधल्या, म्हणजे औषधाच्या चाचणीतल्या, काही भेटी 'ऑफ' अवस्थेतल्या असतात. आदल्या संध्याकाळची गोळी झाल्यावर किमान बारा तास लेव्होडोपा घ्यायचं नाही आणि सकाळी तसंच रुग्णालयात यायचं. गोळीमागचा आजार दिसावा म्हणून.

गणिताचे एक निवृत्त शिक्षक अशा भेटींना यायचे. बरोबर त्यांची पत्नी. शर्टाची बटणं काकूंनी लावून दिलेली असायची, सर्वांत वरचं सोडून, कारण घशाशी आवळलेलं काकांना सहन व्हायचं नाही. माझ्या खोलीच्या दारात काकांचे पाय जमिनीला चिकटायचे. शरीर पुढे जाऊ बघायचं आणि पाय जागचे हलायचे नाहीत. अशा वेळी समोर जमिनीवर एखादी रेघ असली किंवा कुणी आपलं पाऊल आडवं ठेवलं, तर ते ओलांडायला पाय उचलला जातो. हे मला माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं. पण त्या दिवशी मोजायचं होतं ते मदतीशिवायचं चालणं. त्यामुळे मी हात मागे बांधून उभी राहायचे आणि काकूंना थांबा म्हणून खुणावायचे. माझ्या कामातला हा भाग मला कधीच सोपा गेला नाही.

मग परीक्षा. अंगठा आणि पहिलं बोट, दहा वेळा, जमेल तेवढं मोठं उघडायचं आणि जमेल तेवढ्या वेगाने. पहिल्या दोन-तीन वेळा बोट छान उघडायचं. मग अंतर कमी कमी होत जायचं, मधेच अडकायचं, आणि शेवटी दोन्ही टोकं जेमतेम सुटायची. काका त्या बोटांकडे रोखून बघत असायचे. मूठ उघडा-मिटा, टाच आपटा, हात छातीशी बांधून खुर्चीतून उठा. शेवटी मी मागे उभी राहून त्यांचे खांदे झटक्यात मागे ओढायचे. तोल सावरायला किती पावलं लागतात ते मोजायचं आणि पडायला लागले तर धरायचं. प्रत्येक हालचालीला शून्य ते चार गुण. सध्या वापरात असलेल्या मोजपट्टीत हालचालींच्या भागाचे एकूण १३२ गुण होतात, आणि जितके जास्त तितका आजार जास्त. आयुष्यभर मुलांना गुण देत आलेले काका दर वेळी विचारायचे, "किती मिळाले?"

"ट्रायल संपेपर्यंत सांगता येत नाही, काका."

एकदा त्यांनी विचारलं, "मला खरं औषध मिळतंय की नुसतीच गोळी, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

"नाही. मलाही नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि दुसरा हात पुढे केला.

तपासणी संपली की काकू पर्समधली डबी काढायच्या. गोळी, घोटभर पाणी. पाऊण तासाने मी पुन्हा डोकवायचे तेव्हा काका पाय लांब करून वर्तमानपत्र वाचत असायचे, पान स्वतः उलटत. मग तीच परीक्षा पुन्हा.

औषध कुणाला मिळतंय हे मलाही कळू न देण्यामागे जुना अनुभव आहे. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या धक्क्यांनंतर बरं वाटतं, असं पेशंट सांगायचे म्हणून शार्को यांनी थरथरणारी खुर्ची बनवून घेतली होती. २०१२ मध्ये तिचा आधुनिक पद्धतीने पडताळा घेतला गेला. खुर्चीत बसून हालचाल सुधारली खरी, पण थरथर बंद ठेवलेल्या खुर्चीत बसलेल्यांचीही तेवढीच सुधारली. पार्किन्सनमध्ये प्लॅसिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा किंवा उपचाराचा, परिणाम नुसता मनाचा खेळ म्हणून झटकून टाकता येत नाही. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर दाखवून दिलं की औषध मिळणार या अपेक्षेनेच या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवतं. ज्या रसायनाची उणीव आहे तेच आशेने सुटतं! आमच्या संशोधनातली मोठी अडचण यातच आहे. आशा असलेल्या माणसाला खरोखर बरं वाटतं आणि मग औषधाने काय केलं ते वेगळं काढावं लागतं.

हे वेगळं काढण्यासाठी आमची शाखा किती लांब गेली, ते आठवलं की मी आजही अस्वस्थ होते. १९९० च्या दशकात गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत सोडण्याचे प्रयोग सुरू होते आणि सुरुवातीच्या बातम्या फार आशादायक होत्या. मग अमेरिकेत ४० रुग्णांची नीट चाचणी झाली. निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या आणि निम्म्यांच्या कवटीला फक्त भोकं पाडली. २००१ मध्ये निकाल आला. रुग्णांनी स्वतःच्या सुधारणेला दिलेल्या गुणांत दोन गटांमध्ये फरक पडला नव्हता, आणि पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे न थांबणाऱ्या अनावश्यक हालचाली सुरू झाल्या. नंतरच्या पाहणीत दिसलं, की आपल्याला पेशी मिळाल्या असं ज्यांना वाटत होतं त्यांचं जगणं अधिक बरं होतं, मग त्या खरोखर मिळालेल्या असोत वा नसोत. कवटीला खोटी भोकं पाडणं योग्य होतं का, यावर आमच्यात खूप वाद झाले. माझं मत मी लपवत नाही. ती चाचणी झाली नसती तर हजारो लोकांनी ती शस्त्रक्रिया करून घेतली असती. जे वीस जण खोट्या भोकांसाठी टेबलावर झोपले, त्यांनी त्या हजारोंना वाचवलं.

शस्त्रक्रियेने आम्हाला नुसतं निराशच केलं असं नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला बेनाबिद आणि पोलाक हे डॉक्टर कंपासाठी मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागावर काम करत होते. त्या काळी तिथला बारीकसा भाग जाळून टाकायचे आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना ते विजेच्या झटक्यांनी तपासायचे. झटक्यांचा वेग सेकंदाला शंभरच्या आसपास नेला की कंप तिथल्या तिथे थांबत होता. मग जाळायचं कशाला, तारच आत ठेवू, हा विचार त्यातून आला. अमेरिकेत माहलॉन डीलाँग मेंदूच्या तळातली जोडणी कशी चालते त्याचा नकाशा मांडत होते आणि सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे छोटं केंद्र शांत केलं तर पार्किन्सन झालेली माकडं पुन्हा हालचाल करतात, हे त्यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवलं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार ठेवून विजेचे झटके देत राहण्याचा उपचार, या दोन्हींवर उभं आहे. ज्यांना ते योग्य पडतं त्यांच्या आयुष्यातले 'ऑन' तास वाढतात. पण आजार पुढे सरकतच राहतो.

तो थांबवायचे प्रयत्न मात्र एकामागून एक फसत गेले. को-एन्झाइम क्यू-टेन: ६०० जणांची चाचणी, उपयोग नाही. क्रिएटिन: १,७४१ जण, अनेकांनी पाच वर्षं आणि त्याहून जास्त काळ पूड घेतली, उपयोग नाही म्हणून २०१३ मध्ये थांबवली. इस्राडिपिन: ३३६ जण, तीन वर्षं, उपयोग नाही. प्रत्येकाच्या मागे प्रयोगशाळेतला चांगला पुरावा होता आणि उंदरांना बहुतेक वेळा बरं वाटलेलं होतं. ग्रँट मिळवायची, मंजुऱ्या घ्यायच्या, माणसं गोळा करायची, वर्षानुवर्षं मोजायचं, मग निकालाची पाकिटं उघडायची. मी ज्या चाचण्यांत होते त्यातल्या बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच आलं. या व्यवसायात शिरणाऱ्या तरुणांना हे आधीच सांगायला हवं, असं मला वाटतं. आयुष्यभराच्या कामातून एकही नवं औषध बाजारात न येणं, ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

तरीही ते काम वाया जात नाही, असं मी मानते. अट एवढीच की उत्तर स्वच्छ हवं. क्रिएटिनची चाचणी अर्धवट, ढिसाळ झाली असती तर लोक आजही ती पूड घेत राहिले असते. स्वच्छ उत्तरासाठी माणसं नेमाने यावी लागतात, बारा तास गोळी न घेता.

काकांच्या ट्रायलचं उत्तरही 'नाही'च आलं. औषध कंपनीने आधी गुंतवणूकदारांसाठी पत्रक काढलं. मी काकांना फोन करण्याआधीच बातमी वर्तमानपत्रात छापून आली होती. काका शांत होते. त्यांनी आकडे मागून घेतले आणि आकड्यांतली अनिश्चितता एवढी मोठी का आली, असं विचारलं. काकू शांत नव्हत्या. "इतकी वर्षं मी यांना तशा अवस्थेत सकाळी घेऊन येत होते," त्या म्हणाल्या, "आणि आम्हाला पेपरातून कळावं?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही ट्रायलच्या करारावर सही करण्याआधी त्यात एक कलम घालून घेते: निकाल जाहीर व्हायच्या आत सहभागी माणसांना कळवायचा, साध्या भाषेत, आणि मागितलं तर कुणाला काय मिळत होतं तेही. एका कंपनीने हे मान्य केलं नाही, तेव्हा मी ते काम घेतलं नाही.

इतके नकार का आले, याचा विचार आता गांभीर्याने होतो आहे. कदाचित पार्किन्सन या एका नावाखाली अनेक आजार आहेत आणि आपण सगळ्यांना एकच गोळी देत आलो. कदाचित आपण उशिरा पोचतो. हात थरथरायला लागतो तोवर डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा मोठा वाटा गेलेला असतो. त्याच्या कितीतरी आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता सुरू होते, आणि काही जण झोपेत स्वप्नातल्या हालचाली खरोखर करू लागतात, ओरडतात, लाथा मारतात. या झोपेच्या विकाराचं वर्णन १९८६ मध्ये झालं. पुढे अनेक केंद्रांनी मिळून अशा १,२८० लोकांचा पाठपुरावा केला, तेव्हा दर वर्षी साधारण सहा टक्क्यांना पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला आजार होत असल्याचं दिसलं. पुढच्या औषधांची चाचणी यांच्यावर व्हायला हवी, असं आमच्यापैकी पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं.

पण मग समोर बसलेला माणूस पेशंट नसतो. तो झोपेत ओरडतो म्हणून बायकोने त्याला आणलेलं असतं, एवढंच. त्याला चाचणीत घ्यायचं तर पुढे काय येऊ शकतं ते सांगावं लागणार, आणि ते थांबवणारं काही आज माझ्या हातात नाही. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांनी या प्रश्नाला आमच्या आधी तोंड दिलं आहे. १९९३ मध्ये तो जीन सापडला आणि रक्ताच्या एका तपासणीवर भविष्य कळू लागलं, तरी धोका असलेल्यांपैकी बहुतेकांनी तपासणी न करण्याचा मार्ग निवडला. माझे काही सहकारी याला घाबरणं म्हणतात. मला ते पटत नाही. अशा घरांतल्या मुलांशी बोलल्यावर मला त्यात बराच विचार केलेला दिसला. कुणाला लग्नाआधी कळायला हवं होतं, कुणाला आई असेपर्यंत नको होतं.

सध्या मी अशाच एका चाचणीचा आराखडा तयार करते आहे. त्यात औषधाचा विषय काढण्याआधी एक स्वतंत्र भेट ठेवली आहे. त्या भेटीत आधी विचारायचं की तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे, आणि घरात कुणाला कळलेलं चालेल. उत्तर 'काहीच नको' असेल तर आभार मानून, झोपेच्या त्रासावर औषध देऊन त्यांना सोडायचं. या भेटीसाठी मी एक तास लिहिला आहे. आराखडा तपासणाऱ्या समितीने अर्धा तास पुरेल का, असं विचारलंय. पुरणार नाही, असं मी कळवलं आहे.